पुरावेकाका आणि चौतीस खिडक्या

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी पुरावेकाकांनी वुडलँड्समधल्या एका कम्युनिटी क्लबच्या दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फोन दुसऱ्याच्या हातात दिला. फोन चालू होता, पूर्ण चार्ज होता आणि समोरच्या भिंतींवर चौतीस चित्रे होती. त्यांच्या सिंगापुरातल्या सात वर्षांत असे पूर्वी घडल्याची नोंद नाही. फोन ज्याच्या हातात दिला तो मी. तो एक तास एकेचाळीस मिनिटे माझ्याकडे होता.

पुरावेकाका हे अर्थात त्यांचे खरे नाव नव्हे. ते रविवारच्या मराठी वर्गातल्या मुलांनी ठेवले. नेहमीच्या बाई आजारी होत्या म्हणून काका एक दिवस वर्गावर गेले होते. एका मुलीने सांगितले, की तिने आजीला मराठीत पत्र लिहिले. काकांनी विचारले, "पुरावा?" मुलगी म्हणाली, "पोस्ट केलं ना." काका म्हणाले, "पोस्ट करण्याआधी फोटो नाही काढलास? मग लिहिलंस हे तुला तरी कशावरून माहीत?" मुलगी रडली वगैरे नाही. तिने घरी जाऊन आईला विचारले, की आपण खरंच पत्र लिहिलं होतं ना. त्या संध्याकाळपासून नाव रूढ झाले. ते काकांच्या कानावर गेले तेव्हा ते रागावले नाहीत. हे नाव ज्या मेसेजमध्ये पहिल्यांदा आले त्याचा स्क्रीनशॉट त्यांनी मागून घेतला.

यात दोष पूर्णपणे त्यांचा नव्हता. ते एका आयटी कंपनीत टेस्टिंग मॅनेजर होते. सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारी माणसे असतात. काका अशा अठरा जणांचे साहेब होते. या धंद्यात प्रत्येक चाचणीपुढे दोन रकाने असतात, अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल, आणि त्याला स्क्रीनशॉट जोडावा लागतो. "स्क्रीनशॉट नसेल तर टेस्ट झालीच नाही," हे ते नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगत. एकतीस वर्षे हे सांगितल्यावर ते ऑफिसात ठेवून घरी येणे त्यांना जमले नाही. सकाळी दाराला कुलूप लावले की ते कुलपाचा फोटो काढत. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनवर पोहोचल्यावर फोटो अस्पष्ट आल्याचे दिसले, तर परत अकराव्या मजल्यावरच्या घरापाशी जात. कुलूप ते तपासत नसत. फोटो पुन्हा काढून येत.

आमच्या मराठी मंडळाची एकदा शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयात सहल गेली. बाकीचे पहिल्या दालनात होते तोवर काकांचे तिन्ही मजले झाले होते. त्यांची पद्धत ठरलेली होती: पाटी, चित्र, पाटी. पहिली पाटी म्हणजे टेस्ट सुरू, दुसरी म्हणजे बंद. मध्ये थांबायचे कारण नव्हते. "बघायचं काय त्यात," ते म्हणत, "घरी जाऊन निवांत बघू." त्यांची मुलगी सई तेव्हा पॉलिटेक्निकला होती आणि मराठीतल्या प्रश्नाला सिंगापुरी वळणाच्या इंग्रजीत, शेवटी 'लाह' लावून, उत्तर देत असे. ती म्हणाली, "पा, यू नेव्हर ओपन द फोल्डर, लाह." काका म्हणाले, "फोल्डर कुठे पळून चाललाय?"

एक फोल्डर मात्र त्यांनी उघडला होता. त्यातून असे निष्पन्न झाले, की संग्रहालयाच्या माहितीपत्रकात एका पुतळ्याची सावली डावीकडे पडते आणि प्रत्यक्षात उजवीकडे. काकांनी संग्रहालयाला दोन फोटो जोडून ईमेल केला. विषयाच्या जागी "डिफेक्ट, मध्यम स्वरूपाचा" असे लिहिले. चार दिवसांनी नम्र उत्तर आले, की दिवा हलवला आहे, लक्ष दिल्याबद्दल आभार. काकांनी "क्लोज्ड" अशी नोंद केली आणि पुढचे दोन दिवस ते अतिशय आनंदात होते. पुतळा कोणाचा होता, हे त्यांना तेव्हाही सांगता आले नाही.

मैफलींना ते फोन आणत नसत. तिथे ते टॅब आणत, कारण टॅबचा पडदा मोठा. मुंबईहून आलेल्या एका गायिकेच्या मैफलीत ते तिसऱ्या रांगेत बसून टॅब डोक्याच्या उंचीवर धरून होते. मागे बसलेल्या कोणी तक्रार करील असे वाटले होते. तसे झाले नाही. मागच्या रांगेतल्या तिघांनी संपूर्ण मैफल त्या टॅबवर पाहिली. विलंबित संपत आल्यावर त्यांच्यातल्या एक बाई पुढे झुकून म्हणाल्या, "काका, जरा तबल्यावर घ्या ना." काकांनी तबल्यावर घेतले. शेवटी गायिकेला भेटायला रांग लागली. काकांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "ताई, फार सुंदर. फक्त शेवटच्या तानेला स्टोरेज संपलं. तेवढी परत होईल का?" गायिकेने तिथेच, हातात चहाचा कागदी कप असताना, ती तान घेतली. काका रेकॉर्डचे बटण दाबायला विसरले. हे त्यांच्या लक्षात वुडलँड्सला पोहोचल्यावर आले.

गणपतीच्या आरतीत अडचण वेगळी होती. एका हातात फोन असल्यामुळे टाळ्या वाजवता येत नसत. काही वर्षे त्यांनी मोकळा हात मांडीवर वाजवला. त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये नीट येत नाही असे आढळल्यावर ते शेजाऱ्याच्या तळहातावर टाळी देऊ लागले. शेजारी बदलत असे, ताल बदलत असे. एकदा त्यांच्या शेजारी मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या हातात निरांजनाचे तबक होते. त्या आरतीचा व्हिडिओ उपलब्ध आहे. त्यात एकतिसाव्या सेकंदानंतर फक्त जमीन दिसते.

रोजचा फोटो खिडकीचा. सकाळी सहा पन्नास ते सात या वेळात काका हॉलच्या खिडकीशी उभे राहून समोरचे दृश्य टिपत आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकत. खाली "आजचं आकाश" असे लिहिलेले असे. समोर दोन ब्लॉक, म्हणजे इथल्या उंच रहिवासी इमारती, त्यांच्यामधून दिसणारा मलेशियातल्या जोहोरकडे जाणारा रस्ता आणि रेन ट्रीचे एक झाड. सात वर्षांत असे दोन हजारांहून जास्त फोटो जमले. दोन फोटोंतला फरक सांगू शकेल असा माणूस मला भेटलेला नाही. झाड मध्ये एकदा तोडले गेले, हे ग्रुपवर कोणाच्याही लक्षात आले नाही. काकांच्याही.

काकूंचे नाव मंजिरी. पुण्यात त्या शाळेत भूगोल शिकवत. इथे आल्यावर त्यांनी आधी केक शिकून पाहिला, मग चिनी भाषा. ती चौथ्या तासाला सोडली. "चारही स्वर मला एकसारखे ऐकू येतात," त्या म्हणाल्या, "आणि बाईंना माझे चारही चुकीचे." मग दर मंगळवारी दुपारी त्या कम्युनिटी क्लबमध्ये जलरंगाच्या वर्गाला जाऊ लागल्या. शिक्षिका होत्या मिस लिम. चित्रे क्लबमध्येच वाळत ठेवायची, घरी न्यायची नाहीत, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे काकूंनी काय काढले हे घरी दिसत नसे. यावरचा संवाद सईने मला दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा तो सारखाच होता.

"अहो, एकदा येऊन बघा. दहा मिनिटांवर तर आहे."

"फोटो पाठव."

"फोटो नाही पाठवणार."

"मग मी बघणार कसा?"

काका हे खवचटपणे म्हणत नव्हते. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

वर्गाला वर्ष पूर्ण झाल्यावर, मार्चमध्ये, मिस लिम यांनी वर्गाचे प्रदर्शन भरवले. विषय सर्वांना एकच दिला होता, "माझी खिडकी". प्रत्येकाने एक चित्र द्यायचे. चित्रांखाली नावे नव्हती, नुसते क्रमांक. नावे नवव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या रविवारी लावायची होती, म्हणजे बघणारे ओळखीच्यांच्याच चित्रांची स्तुती करत बसणार नाहीत. वुडलँड्समधल्या चौतीस माणसांनी आपापली खिडकी काढल्यावर जे व्हायचे ते झाले. बहुतेक चित्रांत समोरचा ब्लॉक होता. उरलेल्यांत समोरचा ब्लॉक आणि वाळत घातलेले कपडे.

पहिल्या शनिवारी काका काकूंबरोबर गेले. यापुढच्या वेळा त्यांच्याच फोटोंवरून घेतल्या आहेत. पहिला फोटो अकरा वाजून दोन मिनिटांचा, शेवटचा अकरा एकवीसचा. एकूण एकशे तीन फोटो: चौतीस चित्रांचे प्रत्येकी तीन, आणि एक अग्निशामक नळकांड्याचा, कारण ते दोन चित्रांच्या मध्ये टांगलेले होते. मग काका खाली कॉफी प्यायला गेले. काकू वर थांबल्या.

त्या रात्री जेवताना काकूंनी विचारले, "कुठलं आवडलं?"

काका म्हणाले, "थांब, बघून सांगतो," आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

"सकाळी बघून आलात ना?"

"आलो ना. त्याचेच फोटो आहेत हे."

काकूंनी भाताचा डाव पातेल्यात परत ठेवला. "माझं कुठलं होतं?"

काका फोनवर बोट फिरवत राहिले. सई म्हणाली, "पा, डोन्ट गेस." तीही त्या सकाळी बरोबर गेली होती आणि तिने दारातूनच चित्र ओळखले होते, पण सांगायचे नाही, असे आईने बजावलेले होते. काकांनी दोन वेळा फोटो मोठा करून पाहिला, एकदा लहान केला, आणि म्हणाले, "काचेवर जरा रिफ्लेक्शन आलंय." 

बुधवारी मिस लिम यांचा काकूंना फोन आला. एक वयस्क गृहस्थ रोज येऊन काकूंच्या चित्रासमोर बसतात, आणि प्रदर्शन संपल्यावर ते चित्र मला मिळेल का, असे त्यांनी विचारले आहे. गृहस्थ म्हणजे टॅन अंकल, निवृत्त बसचालक, जवळच्याच ब्लॉकमध्ये एकटे राहणारे. क्लबमध्ये ते प्रथम एसीसाठी आले होते, हे त्यांनी कधी लपवले नाही.

काकूंनी हे घरात जाहीर केले आणि अटी सांगितल्या. त्या सईने लिहून घेतल्या. नावे लागण्याआधी, म्हणजे शनिवारी, काकांनी क्लबमध्ये यायचे. फोन दुसऱ्याकडे द्यायचा. कोणाला विचारायचे नाही. एकच चित्र दाखवायचे. बरोबर निघाले तर चित्र घरी येईल आणि हॉलमध्ये लागेल. चुकले तर ते अंकलना.

"दुसरा प्रयत्न?" काकांनी विचारले.

"नाही."

"प्रॉडक्शनमध्ये, ग्राहकाकडे गेल्यावरसुद्धा, दुसरा चान्स असतो गं."

"हे लग्न आहे," काकू म्हणाल्या. "यात तीस वर्षांत बरेच चान्स देऊन झालेत."

गुरुवारी संध्याकाळी काकांनी सेंगकांगला माझ्या घरी बैठक बोलावली. तिसरा माणूस होता अक्षय, एका विद्यापीठात पोस्टडॉक करणारा; चित्रे ओळखणारे प्रोग्रॅम लिहिणे हाच त्याचा विषय. मी ते प्रदर्शन पाहिले नव्हते, अक्षयनेही नाही. विचारायचे नाही ही अट होती. प्रोग्रॅम चालवायचा नाही असे त्यात लिहिलेले नाही, हे काकांनी सईच्या कागदाचा फोटो दाखवून सिद्ध केले.

"सोपं आहे," काका म्हणाले. "तिने आपल्या खिडकीतलं दृश्य काढलं असणार. त्या दृश्याचे माझ्याकडे दोन हजार फोटो आहेत. हे अपेक्षित निकाल. ही चौतीस चित्रं प्रत्यक्ष निकाल. जुळव."

"काका, तुम्ही खिडकीतून स्वतः काय दिसतं ते आठवून बघता का एकदा?" अक्षयने विचारले.

"फोटो असताना आठवायचं कशाला?"

काकांनी चौतीस ओळींचा तक्ता केला. तीन चित्रे, नऊ, बावीस आणि तीस, काचेवरच्या प्रतिबिंबामुळे बाद ठरली. त्यांच्यापुढे त्यांनी "ब्लॉक्ड", म्हणजे चाचणी घेता न आलेली, असे लिहिले. उरलेली एकतीस अक्षयच्या प्रोग्रॅममध्ये गेली. शुक्रवारी दुपारी उत्तर आले: सतरा. दोन ब्लॉक, मधून रस्ता, डावीकडे झाड. काकांनी निकालाचा स्क्रीनशॉट मला पाठवला आणि खाली लिहिले, "पेढे आणतो." पेढे लिटल इंडियातून आणले गेले. शनिवारी ते त्यांच्या पिशवीत होते.

शनिवारी काकू दाराशी एका बाकावर बसल्या. सई त्यांच्या शेजारी. काकांनी मला फोन दिला आणि मोकळ्या झालेल्या हाताचे काय करायचे हे न समजून तो आधी खिशात घातला, मग पाठीमागे धरला. ते सरळ सतरा क्रमांकाकडे गेले. मी खोलीभर नजर फिरवली आणि काकूंचे चित्र कोणते हे मला पाच सेकंदांत कळले. बरोबर आलेल्या अक्षयलाही कळले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग छताकडे.

काकांनी सतराकडे बोट उचलले. ते तसेच थांबले.

"पिंजरा," ते म्हणाले.

चित्राच्या उजव्या कडेला, खिडकीच्या गजाला पक्ष्याचा पिंजरा टांगलेला होता. काकांनी काढलेल्या फोटोत तो आला नव्हता.

"आपल्याकडे पिंजरा नाही," काका स्वतःशीच म्हणाले. मग वळून काकूंना म्हणाले, "आपल्याकडे पिंजरा आहे का?"

"विचारायचं नाही असं ठरलंय."

काकांनी बोट खाली घेतले. त्यांनी झाडाकडे पाहिले. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "आपल्याकडे झाडही नाही आता." ते एक क्रमांकापासून सुरुवात करायला गेले. पेढ्यांची पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली.

यापुढचा तासभर फारसे काही घडले नाही, एवढेच त्याबद्दल सांगता येते. काका एका चित्रासमोर उभे राहत, पुढच्याकडे जात, परत मागच्याकडे येत. चौथ्या चित्रापाशी त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला. अकराव्यापाशी ते हसले. तिथे कोणीतरी समोरच्या घरातल्या बाईला दुर्बिणीतून इकडेच बघताना काढले होते. "हे मी बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. सईने सांगितले, "यू टुक थ्री फोटोज ऑफ इट, पा."

बावीस क्रमांकासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर टॅन अंकल बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती. ते काकांना ओळखत नव्हते.

चित्रात एक खिडकी होती. खिडकीतून काहीच दिसत नव्हते, कारण खिडकीभर एका माणसाची पाठ होती. बनियन, दोन्ही कोपर वर उचललेले, मान किंचित पुढे, टाळूवर बांगडीएवढी मोकळी जागा. बनियनला डाव्या खांद्याखाली भोक. मागे, खोलीच्या बाजूला, टेबलाचा एक कोपरा. आपली स्वतःची पाठ कोणीच पाहिलेली नसते, आणि काकांच्या हजारो फोटोंत ती कुठेही नव्हती. ते चित्रासमोर उभे राहिले आणि पुढे तेवीसकडे निघाले.

"सिट, सिट," अंकल म्हणाले. "स्टँडिंग कान्ट सी वन."

उभ्याने दिसत नाही हे मान्य करून काका बसले.

"धिस मॅन आह," अंकल म्हणाले, "एव्हरी डे आय कम, आय टेल हिम, टर्न अराउंड. डोन्ट वॉन्ट."

"मेबी बिझी," काका म्हणाले.

"बिझी डू व्हॉट?"

काकांनी चित्राकडे पाहिले. "टेकिंग फोटो, आय थिंक."

"फोटो ऑफ व्हॉट? आउटसाइड ओन्ली ब्लॉक, लाह. हिज टी ऑल्सो कोल्ड ऑलरेडी."

"व्हेअर इज टी?"

अंकलनी हनुवटीने टेबलाच्या कोपऱ्याकडे दाखवले. तिथे एक कप होता आणि त्यावर बशी उपडी घातलेली होती. बशीच्या कडेला एक टवका उडालेला होता.

"हाऊ यू नो कोल्ड?" काकांनी विचारले.

"कव्हर ऑन टॉप, व्हॉट. समबडी कव्हर फॉर हिम. इफ ही ड्रिंक, नो नीड कव्हर."

काका पुढे झुकले. ते किती वेळ तसे होते, हे मी घड्याळात पाहिले नाही. बाजूच्या खोलीत टेबल टेनिसचा वर्ग चालू होता, त्याचा आवाज येत होता. मग काका मराठीत, अंकलकडे बघत म्हणाले, "हा माझा चहा आहे."

अंकल म्हणाले, "हाह?"

काका उठले, वळले आणि काकूंना म्हणाले, "बावीस. हा माझा चहा आहे." भिंतीवरच्या घड्याळात बारा सोळा झाले होते.

काकू बाकावरून उठून आल्या. "पाठ नाही ओळखलीत. चहा ओळखलात."

"पाठ मी कधी बघितलीये? चहा रोज बघतो."

"बघता. पिता गार झाल्यावर."

"बशी तू घालतेस रोज?"

"नाही, टवका उडालेली बशी आपोआप चढून बसते."

काका परत चित्राकडे वळले. या वेळी त्यांनी ते वरून खाली सगळे पाहिले. "बनियनला भोक आहे?"

"दोन वर्षं."

"आणि हे नऊ दिवस अख्ख्या वुडलँड्सने बघितलं?"

"आठ," सई म्हणाली. "टुमॉरो इज नाइन."

अंकलना एव्हाना सगळे समजले होते. त्यांनी काकांची पाठ बघता यावी म्हणून त्यांना वळायला सांगितले. काका वळले. अंकलनी चित्र आणि पाठ आळीपाळीने पाहून मान डोलावली. "सेम," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली, काकूंकडे बघून दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, की ठीक आहे, युवर हजबंड, यू टेक.

अटींप्रमाणे चित्र घरी यायचे होते. काकूंनी हॉलमध्ये जागाही काढून ठेवली होती. काकाच म्हणाले, "हे अंकलना देऊ या."

काकूंना वाटले, ते भोकामुळे म्हणत आहेत. त्यांनी तसे विचारलेही.

"तसं नाही," काका म्हणाले. "हॉलमध्ये लावलं तर बघायचं राहून जाईल. मला माहितीये ना मी. पहिल्या दिवशी फोटो काढीन आणि संपलं. त्यांच्याकडे असलं तर बघायला जावं लागेल."

काकूंनी विचारले, "जाल?"

"रविवारी दहा वाजता."

"पुरावा?" काकू म्हणाल्या.

 काकांनी माझ्याकडून पेढ्यांची पिशवी घेतली आणि पहिला पेढा काकूंना दिला, दुसरा अंकलना. अंकलनी तो अर्धा खाऊन टू स्वीट म्हणून उरलेला सईला दिला. अक्षयला सतराव्या चित्राबद्दल विचारले असता त्याने सांगितले, की प्रोग्रॅमने मागितले ते दिले, प्रश्न चुकीचा होता.

यानंतर काकांनी फोटो काढणे सोडले असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याचा फोटो काढला. "आजचं आकाश" सोमवारी पावणेआठ वाजता आले, म्हणजे पाऊण तास उशिरा. विलंबाचे कारण त्यांनी चहा असे दिले. बनियन मात्र फेकून देण्यात आले.

रविवारचे त्यांनी पाळले. दोन वेळा मी त्यांच्याबरोबर गेलो. अंकलच्या घरी चपला बाहेर काढाव्या लागतात. काका बूट काढून फोन त्यातल्या उजव्या बुटात ठेवत आणि आत जात. चित्र टीव्हीच्या वर होते. दोघे त्यासमोर बसत. बोलणे फारसे नसे. एका रविवारी अंकल म्हणाले, "लुक. टुडे आय थिंक ही लिटल बिट टर्न." काकांनी बघून सांगितले, की नाही. एकदा परत निघताना काकांनी फोन आत असतानाच बूट घातला. काचेला तडा गेला. तो त्यांनी बदलला नाही. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत डावीकडे वर एक तिरकी रेघ आहे.

वर्षअखेरीस कंपनीने काकांचे काम संपवले आणि दोघे पुण्याला परत गेले. सई इथेच आहे, नोकरी करते. चांगी विमानतळावर निरोप द्यायला चौदा जण होतो. काकांनी आमचे फोटो काढले. मग बोर्डिंगची वेळ झाली तेव्हा त्यांनी फोन काकूंच्या पर्समध्ये टाकला आणि प्रत्येकासमोर येऊन उभे राहिले. कोणी काही बोलायच्या आधी ते थोडा वेळ नुसते बघत होते. त्यामुळे सगळ्यांना जरा अवघडल्यासारखे झाले. अक्षयला त्यांनी विचारले, "तुझ्या भुवईवर ही खूण पहिल्यापासून आहे?" त्याने हो म्हटले. त्यांची ओळख चार वर्षांची होती.

मंडळात त्यांची जागा कोणी घेतलेली नाही. यंदाच्या गणपतीत आरतीचे रेकॉर्डिंग झाले नाही, हे विसर्जनानंतर लक्षात आले. आरत्या सगळ्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून म्हटल्या. अध्यक्षांच्या मते यंदा ताल बरा होता.

चित्र अंकलकडेच आहे. सई महिन्यातून एकदा त्यांच्याकडे डबा घेऊन जाते, तिच्याकडून पुढची माहिती मिळाली. दर रविवारी दहा वाजता, म्हणजे पुण्यात सकाळी साडेसात वाजता, काका अंकलना फोन करतात आणि चित्र कसे आहे विचारतात. अंकल खुर्ची ओढून चित्रासमोर बसतात आणि सांगतात. काका मध्ये प्रश्न विचारतात: पडद्याचा रंग कसा वाटतो, उजव्या कोपरावर उजेड आहे का. अंकल उठून जवळ जातात, बघतात, परत येऊन उत्तर देतात. गेल्या रविवारी हे अकरा मिनिटे चालले. अंकलच्या फोनला कॅमेरा आहे, आणि व्हिडिओ कॉल कसा करायचा हे सईने त्यांना शिकवलेले आहे. तो कॉल मात्र साधा होता, नुसत्या आवाजाचा.